दक्षिणा निधी

दक्षिणा निधी : पेशवाईत दरवर्षी श्रावण महिन्यात ब्राह्मणांना वाटण्यात येणाऱ्या दक्षिणेतून निर्माण झालेला आणि ब्रिटिश अंमलात प्रथम संस्कृत विद्येच्या परीक्षांसाठी, नंतर मराठी ग्रंथकारांच्या बक्षिसांसाठी व अखेरीस महाविद्यालयांतील अधिछात्रवृत्तींसाठी वापरला गेलेला सरकारी निधी. महाराष्ट्रातील संशोधनवृत्ती व ग्रंथपारितोषिके यांची पूर्वपीठिका या निधीच्या इतिहासात सापडते. सार्वजनिक पैशातून कोणत्या विद्येला आणि कोणत्या विद्वानाला साहाय्य द्यावे, या प्रश्नावरील एकोणिसाव्या शतकातील पहिला मोठा वादही याच निधीच्या निमित्ताने झाला.

शिवाजी महाराजांच्या काळी श्रावणात शास्त्रीपंडितांची परीक्षा घेऊन त्यांना योग्यतेनुसार धान्य देण्याची पद्धत होती, असे उत्तरकालीन बखरींत म्हटले आहे. दक्षिणेचा अधिक सलग इतिहास मात्र सेनापती खंडेराव दाभाडे यांच्यापासून सुरू होतो. दाभाडे तळेगाव येथे श्रावणात दक्षिणा वाटीत. डभईच्या लढाईत (१७३१) त्रिंबकराव दाभाडे मारले गेले व ते घराणे निष्प्रभ झाले. त्यानंतर हे वाटप पुण्यात पेशव्यांकडे आले आणि नानासाहेबांच्या कारकीर्दीत त्यावरील खर्च काही लाखांच्या घरात गेला. कर्नाटक, तेलंगण, काशी अशा दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण श्रावणात पुण्याकडे येत. नामांकित शास्त्री व वैदिक यांचा परामर्श वेगळा घेतला जाई. बाकीच्या सामान्य याचकांसाठी पर्वतीच्या पायथ्याशी भिंतींनी बंदिस्त केलेले आवार होते, त्यास रमणा म्हणत. एकाच माणसाने दोनदा दक्षिणा घेऊ नये, हा त्या बंदिस्तीचा एक हेतू. रमण्यावर विद्वत्तेची फारशी पारख होत नसे. तेथे जे घडे ते दानधर्माचे काम होते, त्यास विद्योत्तेजन म्हणणे कठीण. रामशास्त्री प्रभुणे यांची एक आख्यायिका या संदर्भात प्रसिद्ध आहे. त्यांचे बंधू दक्षिणेसाठी आले असता नाना फडणीसांनी त्यांना विशेष रक्कम देऊ केली. बंधूंच्या अंगी विशेष विद्वत्ता नाही, म्हणून त्यांना इतरांइतकेच द्यावे, भाऊ म्हणून जे द्यायचे ते आपण घरून देऊ, असे रामशास्त्र्यांनी सांगितल्याचे म्हणतात. ही कथा शब्दशः खरी असो वा नसो, दक्षिणेच्या वाटपात वशिला चाले, ही समजूत तीत गृहीतच धरलेली आहे.

पेशवाई बुडाल्यावर (१८१८) दक्षिणेचे काय करावे, हा प्रश्न माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनपुढे आला. ती एकाएकी बंद केल्यास पुण्यातील वजनदार वर्ग दुखावला जाईल आणि तशीच चालू ठेवल्यास पैसा व्यर्थ जाईल, असे त्याला वाटत होते. त्याने मधला मार्ग काढला. रमण्यावरील सरसकट वाटप थांबले. सु. ५०,००० रु. वार्षिक खर्चाची मर्यादा ठरली आणि परीक्षेत उतरणाऱ्या विद्वानांनाच दक्षिणा मिळू लागली. याच धोरणातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी दख्खनचा आयुक्त विल्यम चॅप्लिन याने विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. वेद, शास्त्रे, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक इ. विषय तेथे जुन्या पद्धतीने शिकविले जात. त्यानंतरच्या दोन दशकांत सरकारचे धोरण आणखी बदलले. नव्या नावांची नोंद बंद करण्यात आली. जे दक्षिणा घेत होते त्यांना ती तहहयात चालू राहिली व त्यांच्या मृत्यूनंतर वाचणारी रक्कम शिक्षणाकडे वळवावयाची, असे ठरले. वाद पेटला तो या वाचलेल्या रकमेवरून.

१८४९ मध्ये पुण्यातील काही सुधारणावाद्यांनी सरकारकडे अर्ज केला. गोपाळ हरी देशमुख (लोकहितवादी) हे त्यांतील प्रमुख होत. ते त्या सुमारास प्रभाकर पत्रातून आपली ‘शतपत्रे’ लिहीत होते आणि केवळ पाठांतरावर पोसल्या जाणाऱ्या विद्येविषयी त्यांचे मत कठोर होते. दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसे देण्यासाठी खर्च करावा आणि ती बक्षिसे कोणत्याही जातीच्या लेखकास खुली असावीत, अशी अर्जदारांची मागणी होती. आज ती साधी वाटते. त्या काळी मात्र तिने पुणे ढवळून निघाले. दक्षिणा हा ब्राह्मणांचा वंशपरंपरागत हक्क आहे आणि अर्जावर सह्या करणारे स्वतः ब्राह्मण असूनही जातीचा घात करीत आहेत, अशी सनातनी पक्षाची भावना होती. तुळशीबागेत लोक जमले, सह्या करणाऱ्यांना बहिष्काराची धमकी देण्यात आली. या प्रसंगी जोतीराव फुले यांनी अर्जदारांच्या रक्षणासाठी माणसे जमविली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. सरकारने दोन्ही बाजू सांभाळल्या. हयात दक्षिणाधारकांना हात लावला नाही, परंतु मोकळ्या झालेल्या रकमेतून मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याचे तत्त्व मान्य केले. त्यानुसार १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. त्याच वर्षी संस्कृत पाठशाळा व पुण्यातील सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज निर्माण करण्यात आले. याचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले.

कमिटी ग्रंथ मागवी, ते परीक्षकांकडून तपासून घेई व पसंत पडलेल्या हस्तलिखितास रोख बक्षीस देई. काही ग्रंथ ती स्वतः छापूनही प्रसिद्ध करी. मराठी गद्य त्या वेळी बाल्यावस्थेत होते. पुस्तके विकत घेणारा वाचकवर्ग जवळजवळ नव्हता. अशा स्थितीत लेखकाला लिहिण्यापूर्वीच काही प्राप्तीची आशा दिसणे महत्त्वाचे होते. परशुरामतात्या गोडबोले यांनी केलेले वेणीसंहार नाटकाचे भाषांतर (१८५७) कमिटीच्या आश्रयाने निघाले. संस्कृत नाटके व शास्त्रीय विषयांवरील इंग्रजी ग्रंथ मराठीत आणण्याच्या कामी या बक्षिसांचा मोठा वाटा आहे. परंतु परीक्षकांची पसंती भाषांतराकडे व पंडिती वळणाकडे झुकलेली होती. त्यामुळे स्वतंत्र लेखन त्या मानाने मागे पडले, हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही.

कमिटीच्या निवडीवरील सर्वांत गंभीर आरोप फुले यांनी केला. त्यांनी १८५५ मध्ये तृतीय रत्न हे नाटक लिहून कमिटीकडे पाठविले. एका गरीब कुणबी जोडप्याला भटजी धर्माच्या नावाखाली कसा लुबाडतो आणि शिक्षणाने त्यांचे डोळे कसे उघडतात, हा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारले. गुलामगिरी (१८७३) या ग्रंथात फुले यांनी या नकाराचा उल्लेख केला असून कमिटीतील ब्राह्मण सभासदांपुढे यूरोपीय सभासदांचे काही चालले नाही, असे कारण दिले आहे. नाटक छापले गेले ते थेट १९७९ मध्ये. विशेष हे की, फुले यांच्या शाळांना याच दक्षिणेच्या पैशातून मदत मिळाली होती आणि ज्या विश्रामबाग वाड्यात पाठशाळा भरली तेथेच १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मेजर कँडी यांनी शालजोडी देऊन त्यांचा जाहीर सत्कार केला होता. म्हणजे शाळा चालविणारा फुले सरकारला चालत होता. मराठीत ग्रंथ लिहून ब्राह्मण पुरोहितावर टीका करणारा फुले मात्र कमिटीच्या पसंतीस उतरला नाही. बक्षिसे सर्व जातींना खुली करण्याची १८४९ ची मागणी कागदावर मान्य झाली तरी परीक्षकाच्या खुर्चीवर कोण बसतो, हा प्रश्न तिने सुटला नव्हता.

निधीचा तिसरा उपयोग अधिक फलदायी ठरला. मुंबई विद्यापीठाची स्थापना झाल्यावर (१८५७) शिक्षण खात्याचे संचालक ई. आय्. हॉवर्ड यांच्या पुढाकाराने दक्षिणेच्या रकमेतून महाविद्यालयांत अधिछात्रवृत्ती सुरू झाल्या. त्या मिळविणाऱ्यास दक्षिणा फेलो म्हणत. फेलोने स्वतःचा अभ्यास पुढे चालवावा व खालच्या वर्गांना थोडे शिकवावे, अशी अपेक्षा असे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे १८५९ मध्ये फेलो झाले. इंग्रजी शिक्षण घेतलेल्या तरुणाने संस्कृतचाही पद्धतशीर अभ्यास करावा, अशी हॉवर्ड यांची इच्छा होती. त्यानुसार भांडारकरांनी पुण्यातील शास्त्र्यांकडे व्याकरण, न्याय व वेदान्त यांचे अध्ययन केले. पौर्वात्य पांडित्य व पाश्चात्य चिकित्सा यांचा जो संगम पुढे त्यांच्या लेखनात दिसतो, त्याची पायाभरणी या वर्षांत झाली. महादेव गोविंद रानडे हे एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रथम कनिष्ठ फेलो (दरमहा ६० रु.) व नंतर वरिष्ठ फेलो (दरमहा १२० रु.) होते. मराठी राज्य व ब्रिटिश राज्य यांची तुलना करणाऱ्या एका निबंधात त्यांनी ब्रिटिश अंमलावर टीका केली, तेव्हा प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबविली. पुढे गोपाळ गणेश आगरकर यांनीही डेक्कन कॉलेजात फेलो असतानाच एम्.ए. चा अभ्यास केला (१८८०). पां. वा. काणे हे बी.ए. झाल्यावर (१९०१) विल्सन महाविद्यालयात दोन वर्षे दक्षिणा फेलो होते. अलंकारशास्त्राच्या इतिहासाकडे ते वळले ते मुंबई विद्यापीठाच्या मंडलिक सुवर्णपदकासाठी लिहिलेल्या निबंधामुळे. चरितार्थासाठी त्यांनी पुढे वकिली केली. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड (१९३०–६२) भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केले.

दक्षिणा फेलोवर पुढील नोकरीचे बंधन नसे. संस्थानिकांच्या शिष्यवृत्त्यांची तऱ्हा वेगळी होती. सयाजीराव गायकवाड यांच्या साहाय्याने श्री. व्यं. केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील अभ्यासासाठी बडोद्याची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता मिळाली, ती शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या अटीवर. १९१७ मध्ये ते त्या नोकरीसाठी बडोद्यास गेले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहावयास जागा मिळाली नाही व त्यांना परतावे लागले. शिष्यवृत्तीच्या कागदात या अडचणीचा विचार कोठेच नव्हता.

या सर्व व्यवस्थेत ग्रंथपालास बराच काळ स्थान नव्हते. अधिछात्रवृत्ती अध्यापकाची, बक्षीस ग्रंथकाराचे, असा समज रूढ होता. सरकारने १८६६ नंतर बुल्हर, कीलहॉर्न, भांडारकर, पीटर्सन यांच्याकरवी जमविलेली हजारो संस्कृत हस्तलिखिते डेक्कन कॉलेजात होती. ती १९१८ मध्ये भांडारकर संस्थेकडे आली. त्यांचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी १९१९ पासून सु. चार दशके त्या संग्रहाची जपणूक केली आणि ते काम सांभाळून शेकडो संशोधनलेख लिहिले. स्वातंत्र्योत्तर काळात विद्यापीठ अनुदान आयोग (१९५३), भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद (१९६९) व भारतीय इतिहास संशोधन परिषद (१९७२) यांमुळे संशोधनवृत्तींचे क्षेत्र देशभर विस्तारले. ग्रंथालयांच्या बाबतीत महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने (१९६७) अनुदानाची व्यवस्था लावली. पुढे राज्य शासनाने उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालयांसाठी डॉ. आंबेडकरांच्या, तर ग्रंथालय कार्यकर्ते व सेवक यांच्यासाठी ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या नावे पुरस्कार सुरू केले.

ग्रंथबक्षिसांची परंपरा दुसऱ्या वाटेने टिकून राहिली. स्वतः दक्षिणा फेलो असलेल्या न्या. रानडे यांच्या पुढाकाराने १८९४ मध्ये पुण्यात डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्स्लेशन सोसायटी स्थापन झाली. तीच पुढे महाराष्ट्र ग्रंथोत्तेजक संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली व मराठी ग्रंथांना पारितोषिके देत आली.