औपचारिक गट-नियम : पडताळणी

क्रमनिरपेक्ष वलयातील सहगुणक असलेली दोन चलांची घातश्रेढी फ(क्ष, य) औपचारिक गट-नियम आहे की नाही, हे ठरविण्याची बैजिक रीत. संकल्पना सालोमन बोखनर यांची, १९४६ [→ ली गट]. अटी दोन : फ(क्ष, ०) = क्ष, फ(०, य) = य; आणि साहचर्य, म्हणजे फ(फ(क्ष, य), झ) = फ(क्ष, फ(य, झ)). पहिली पाहताक्षणी कळते. खरी कसोटी दुसरीची.

वलयात परिमेय संख्या असल्यास फ चा य-सापेक्ष अवकलज य = ० येथे घेऊन त्याच्या व्यस्ताचे समाकलन केले की लघुगणक ल मिळतो [→ अवकलन व समाकलन]. ल(फ(क्ष, य)) = ल(क्ष) + ल(य) असेल तरच फ हा गट-नियम ठरतो. क्ष + य + क्ष·य या कसोटीस उतरते. क्ष + य + क्ष²य² साठी ल = क्ष येतो, म्हणून ती उतरत नाही. अभिलक्षण २ असलेल्या वलयात ही रीत लागू पडत नाही. तेथे याच श्रेढीचे साहचर्य नवव्या घातापर्यंत टिकते आणि दहाव्यात, क्ष⁴य⁴झ² या पदाशी, मोडते. आरंभीची पदे जुळणे हा म्हणूनच पुरावा नव्हे.

अशा सर्व क्रमनिरपेक्ष नियमांचे सार्वत्रिक वलय अनंत चलांचे बहुपदी वलय असल्याचे मीशेल लाझार यांनी १९५५ मध्ये सिद्ध केले. १९६९ मध्ये डॅनियल क्विलन यांनी ते संमिश्र कोबॉर्डिझमशी जोडले [→ संस्थितिविज्ञान].