जीव वाचविताना जीव गेला तर? स्वसंरक्षणाचा हक्क कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो

केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण होऊन त्यांची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर बीड जिल्ह्याविषयी जी चर्चा राज्यभर सुरू झाली, तिच्यात एक आकडा वारंवार पुढे येत राहिला. जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने दिले गेले होते. कमरेला पिस्तूल लावून काढलेली छायाचित्रे, लग्नाच्या वरातीत व वाढदिवसाला हवेत झाडलेल्या गोळ्या यांची दृश्येही त्याच सुमारास लोकांनी पाहिली. प्रशासनाने परवानाधारकांची छाननी हाती घेतली आणि २०२५ मध्ये शंभराहून अधिक परवाने रद्द केले.

परवान्यासाठी येणाऱ्या बहुतेक अर्जांत कारण एकच असते : जिवाला धोका. मात्र धोका प्रत्यक्ष समोर उभा राहिला तर ते शस्त्र केव्हा उचलता येते, कोणावर चालविता येते आणि समोरचा माणूस दगावला तर कायदा काय म्हणतो, याची माहिती परवानाधारकांपैकी कितीजणांना असेल याविषयी शंका घ्यायला जागा आहे. पुण्या-मुंबईच्या सदनिकेत रात्री चोर शिरला तर काय करावे, हा शहरी वाचकाचा प्रश्नही मुळात हाच आहे.

पहिला गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. शस्त्र कायदा, १९५९ खाली मिळणारा परवाना हा शस्त्र बाळगण्याचा परवाना असतो. ते माणसावर चालविण्याची मुभा त्यातून मिळत नाही. बचावाचा हक्क परवान्यातून येत नाही, तो फौजदारी कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. हातात काठी असणाऱ्यालाही आणि काहीच नसणाऱ्यालाही. पूर्वी हा हक्क भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आला आहे. क्रमांक बदलले, आशय जवळजवळ तोच राहिला. त्यामुळे जुन्या कलमांवरील न्यायनिवाडे आजही उपयोगी पडतात.

हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता नाही. दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी, तसेच स्वतःची वा दुसऱ्याची मालमत्ता चोरी, जबरी चोरी, नासधूस किंवा अतिक्रमण यांपासून राखण्यासाठीही तो वापरता येतो. मात्र हल्लेखोराचा मृत्यू घडविण्यापर्यंत तो केव्हा पोहोचतो, हे कलम ३८ व ४१ सांगतात. शरीराच्या बाबतीत मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्काराचा अथवा अनैसर्गिक अत्याचाराचा हल्ला, अपहरण, सुटकेसाठी अधिकाऱ्यांकडे जाता येणार नाही अशा रीतीने डांबून ठेवण्याचा हल्ला आणि २०१३ च्या दुरुस्तीने आलेला अॅसिड फेकण्याचा प्रकार एवढ्याच गोष्टींत ही मर्यादा मृत्यूपर्यंत जाते. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या काळातील घरफोडी, राहत्या घराला किंवा माल साठविण्याच्या जागेला आग लावणे अथवा तेथे स्फोटके वापरणे यांचा त्यात समावेश आहे. साधी चोरी, नासधूस किंवा घरात घुसणे असेल तर त्यातून मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती निर्माण झाली पाहिजे. उसाच्या फडातून मोळी उचलून नेणारा किंवा विहिरीवरची मोटार काढून नेणारा चोर केवळ चोर म्हणून ठार मारता येत नाही. त्याला अडविता येते, पकडता येते, प्रसंगी त्याच्यावर बळही वापरता येते. पण त्याचा प्राण घेता येत नाही.

अपहरणासंबंधीच्या तरतुदीवर सर्वोच्च न्यायालयाचा १९५९ चा एक निर्णय महत्त्वाचा आहे. माहेरी राहत असलेल्या पत्नीला पती बळजबरीने ओढून नेऊ लागला. तिच्या भावाने चाकूचा एक वार केला आणि पती मरण पावला. पतीने पत्नीला नेणे हा मुळात गुन्हाच नाही, मग बचावाचा हक्क कोठून आला, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो मान्य केला नाही. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध शरीराला हात घालून ओढून नेले जात असेल, तर पुढे त्याचे काय होणार याचा हिशेब बचाव करणाऱ्याने मांडीत बसावे अशी अपेक्षा कायदा करीत नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे. भाऊ निर्दोष सुटला. दिवसाढवळ्या रस्त्यावरून माणसे उचलून नेली जात असतील, तेथे ही तरतूद किती मोलाची आहे हे वेगळे सांगायला नको.

या हक्काच्या मर्यादा कलम ३७ मध्ये आहेत. सार्वजनिक अधिकाऱ्यांकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्क नाही. आणि बचावासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही. पहिल्या अटीचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. हल्ला होत असताना माणसाने पळून जावे किंवा ठाण्याकडे धाव घ्यावी, असे कायदा म्हणत नाही. उलट पळपुटेपणाची सक्ती आपल्या कायद्यात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा स्पष्ट केले आहे. पण काल मिळालेल्या धमकीसाठी आज सकाळी हत्यार घेऊन शत्रूच्या दारात जाणे हा बचाव नव्हे. मधल्या वेळात पोलीस ठाणे उघडे होते.

भीती किती खरी असायला हवी? याबाबतचा सर्वाधिक उद्धृत होणारा निकाल आपल्या जुन्या मध्य प्रांतातून, नागपूर उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मार्च १९५० मध्ये कटनी येथे जातीय दंगल उसळली. जमावाने शेजारचे भावाचे दुकान लुटले आणि मग तो अमजद खान यांच्या दारावर लाठ्या मारू लागला. आत कुटुंब होते. अमजद खान यांनी बंदुकीतून गोळ्या झाडल्या; एकजण ठार, काही जखमी झाले. जमाव अजून त्यांच्या घरात शिरला नव्हता आणि शिरून काय करणार होता हे कोणालाच ठाऊक नव्हते, या मुद्द्यावर खालच्या न्यायालयांनी त्यांना दोषी धरले. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. निकाल लिहिणारे न्या. व्हिव्हियन बोस हे स्वतः नागपूरचे. दार फुटून कुटुंबावर हात पडेपर्यंत थांबणे आवश्यक नाही आणि अशा घटकेला वापरलेले बळ सोन्याच्या तराजूत तोलायचे नसते, हे सूत्र तेव्हापासून रूढ झाले.

पण तराजू सोन्याचा नसला तरी तराजू असतोच. १९६२ मध्ये निकाल लागलेले गुडगाव जिल्ह्यातील प्रकरण मराठवाड्यातील वाचकाला अगदी ओळखीचे वाटेल. शेताच्या ताब्याचा वाद होता. नांगरणी चालू असताना गावकरी विरोधाला आले आणि मारामारी झाली. ताबा आरोपींच्या बाजूचा होता, त्यांना बचावाचा हक्कही होता, हे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी मान्य केले. पण समोरचे लोक पळू लागल्यावरही गोळीबार चालू राहिला होता. धोका संपला त्या क्षणी हक्कही संपला, त्यानंतरची गोळी बचावाची नाही, असे ठरून दोषसिद्धी कायम राहिली. पहिली गोळी आणि शेवटची गोळी यांच्यामध्ये काही सेकंदांचेच अंतर असेल, पण कायद्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या कृती आहेत.

याची दुसरी बाजू २०१० च्या दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात दिसते. तेथेही वाद शेतजमिनीचाच, तोही भावाभावांतला. चुलत्याने धारदार हत्याराने वडिलांच्या डोक्यावर वार केला, तेव्हा मुलाने बंदूक चालविली. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने मुलाला सोडले. डोक्यावर वार झालेला बाप समोर असताना मुलाची भीती काल्पनिक म्हणता येत नव्हती. बांधावरून होणाऱ्या भांडणात कुऱ्हाड, कोयता किंवा लोखंडी गज हे बंदुकीइतकेच प्राणघातक ठरू शकतात, ही गोष्ट खेड्यात वाढलेल्याला समजावून सांगावी लागत नाही.

भीती वाजवी असावी लागते, नुसती प्रामाणिक असून भागत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार केले. अफवेवर विश्वास ठेवणाऱ्यांना आपण गावातील मुले वाचवीत आहोत असे वाटलेही असेल. पण भिक्षा मागत आलेल्या, पकडून खोलीत कोंडलेल्या माणसांपासून कोणता तातडीचा धोका होता? हातात सापडलेल्या माणसाविरुद्ध बचावाचा हक्क शिल्लक राहत नाही. तेथे उरते ते फक्त पोलिसांना बोलाविणे.

दोन्ही गट ठरवून, तयारीनिशी एकमेकांवर तुटून पडले असतील तर सहसा कोणालाच हा बचाव मिळत नाही. ज्याने स्वतः कुरापत काढून हल्ला ओढवून घेतला, त्यालाही तो मिळणे कठीण. गावच्या चौकात ‘येऊन दाखव’ म्हणून शस्त्र मिरविणारा माणूस नेमका हाच हक्क गमावण्याची तयारी करीत असतो. हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे तर २०१९ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे; त्याला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

थोडे विषयांतर करून वन्यप्राण्यांविषयी. २०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसांचे बळी घेतले, तेव्हा रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणारे शेतकरी कुऱ्हाडी घेऊनच शेतात जात होते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे स्वतःच्या वा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावपूर्वक प्राण्याला मारणे हा गुन्हा नाही, मात्र मारणारा त्या वेळी स्वतःच त्या कायद्याचा भंग करीत असता कामा नये. माग काढून बिबट्याला गोळी घालणे मात्र मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीविना होत नाही. तत्त्व तेच : अंगावर आलेला धोका वेगळा, शोधून काढलेला वेगळा.

मर्यादा ओलांडली गेलीच तर? सद्भावाने, पूर्वतयारीविना आणि आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याचा हेतू नसताना हक्क ओलांडला गेला असेल, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे; सदोष मनुष्यवधात हेतू व जाणीव पाहून शिक्षा कमीही होऊ शकते. हा फरक एखाद्याच्या उर्वरित आयुष्याचा फरक असतो.

बचावाचा हक्क सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, परंतु सरकार पक्षाइतका निःसंशय पुरावा त्याला द्यावा लागत नाही. आपले म्हणणे अधिक संभवनीय आहे एवढे दाखविले तरी पुरते, आणि आरोपीने तसा पवित्रा घेतला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालय त्याचा विचार करू शकते. म्हणून घटनेनंतरचे पहिले काही तास निर्णायक असतात. स्वतः पोलिसांना कळविणे, शस्त्र न लपविता ताब्यात देणे, जखमीला रुग्णालयात पोहोचविण्याची व्यवस्था करणे, घटनास्थळ न बदलणे आणि स्वतःच्या अंगावरील जखमांची सरकारी दवाखान्यात नोंद करून घेणे या गोष्टी पुढे वकिलाच्या युक्तिवादापेक्षा अधिक बोलतात. आरोपीच्या अंगावरील गंभीर जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही, तर त्याच्या कथनावर संशय घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच सांगितले आहे. पळून जाणाऱ्याच्या बाबतीत मात्र ती जखम महिन्याभरात भरून येते आणि सोबत पुरावाही जातो.