अनुकृतीचे प्रामाण्य

चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. ते ज्ञान सत्य नव्हे, मिथ्या नव्हे, संशयरूप नव्हे आणि केवळ सादृश्याचेही नव्हे. श्रीशंकुकाचा हा चित्रतुरगन्याय रससिद्धान्ताच्या अध्यापनात आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. अनुकृतीवरून मुळाचे अनुमान कुठवर करता येते, हा त्यामागचा प्रश्न. तो नाट्यगृहाबाहेरही किती गंभीर होऊ शकतो, याचे एक उदाहरण आम्हांला कॅनडातील अणुसंशोधनाच्या इतिहासात आढळले.

अणुभट्टीतून बाहेर आलेले भुक्त इंधन बहुतांशी युरेनियम डायऑक्साइडच असते; मात्र विखंडनातून जन्मलेली डझनावारी मूलद्रव्ये त्यात मिसळलेली असतात. त्यांपैकी बेरियमची ओळख १९३८च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये हान आणि स्ट्रासमान यांना पटली, आणि त्यातूनच विखंडनाचा शोध लागला. पुढे १९७८ साली कॅनडाचे केंद्र सरकार व ऑन्टारियो प्रांत यांनी हे इंधन प्राचीन खडकात खोल पुरण्याच्या योजनेचा अभ्यास हाती घेतला. कधी काळी पात्र फुटून भूजल आत शिरले, तर इंधन किती वेगाने विरघळेल? उत्तर लक्षावधी वर्षांच्या मापात हवे होते. पण ज्या वस्तूला प्रश्न विचारायचा, ती जाड भिंतींआड यांत्रिक हातांनीच हाताळावी लागते. विद्यापीठाच्या साध्या प्रयोगशाळेत तिला प्रवेश नाही.

म्हणून तिची अनुकृती घडवली गेली. चॉक रिव्हर येथील प्रयोगशाळेत युरेनियम डायऑक्साइडच्या भुकटीत बेरियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम, मॉलिब्डेनम, पॅलॅडियम अशी अकरा मूलद्रव्ये, किरणोत्सारी नसलेल्या रूपात, गणिताने काढलेल्या प्रमाणात मिसळली. मिश्रण दाबून सुमारे १७०० अंश सेल्सियसला भाजले. हेच ‘सिमफ्युएल’. १९९१ साली तिच्या सूक्ष्मरचनेचे वर्णन प्रसिद्ध झाले. खऱ्या भुक्त इंधनात आढळणारे धातूंचे सूक्ष्म कण या नकलेतही तयार झाले होते.

भट्ट तौताने शंकुकावर आक्षेप घेतला होता, की मूळ पाहिलेच नसेल तर ही त्याची अनुकृती आहे हे ठरवायचे कसे? येथे मूळ पाहिलेले होते. तरी आक्षेप पुरता सुटत नाही. आयोडिन, सीझियम, झेनॉन हे भट्टीच्या उष्णतेत उडून जातात, म्हणून ते नकलेत नाहीत. टेक्नेशियमचे एकही रूप स्थिर नाही, म्हणून तेही नाही. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे ज्या किरणोत्सारामुळे हा सारा खटाटोप, तोच नाही. या संशोधनाचा प्रामाणिकपणा आम्हांला येथे दिसतो: उणिवा लपवल्या नाहीत, एकेक मोजून त्यांची वेगळी भरपाई शोधली. वेस्टर्न ऑन्टारियो विद्यापीठात १९९८ साली आलेल्या डेव्हिड शूस्मिथ यांच्या प्रयोगशाळेत या नकलेचे विद्युताग्र केले गेले. किरणोत्सारामुळे पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. तेव्हा किरणांच्या जागी ते द्रव्यच पाण्यात घालण्यात आले. त्यामुळे युरेनियमचे ऑक्सिडीकरण होते आणि ते कित्येक पटींनी अधिक विद्राव्य बनते. पण २००५ साली या गटाने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, गंजणाऱ्या लोखंडी पात्रातून निघणारा हायड्रोजन त्याच सूक्ष्म धातुकणांवर क्रियाशील होऊन इंधनाचे क्षरण रोखतो. पात्राचा नाशच आतल्या द्रव्याचे रक्षण करतो, ही गोष्ट नकलेने सांगितली.

मग प्रश्न सुटला का? शूस्मिथ विद्यापीठात आले त्याच १९९८ साली ब्लेअर सीबॉर्न यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या योजनेवर निर्णय दिला: तांत्रिक दृष्ट्या सुरक्षितता एकंदरीत पुरेशी सिद्ध झाली आहे, सामाजिक दृष्ट्या नाही, योजनेला व्यापक लोकसंमती असल्याचे दिसत नाही. नकलेत जे घालता आले नव्हते, त्यात माणसेही होती. २००२च्या कायद्यानंतर नव्या संस्थेने जागेचा शोध नव्याने मांडला, तो स्थानिकांच्या स्वेच्छेच्या अटीवर. नोव्हेंबर २०२४मध्ये वायव्य ऑन्टारियोतील वॅबिगून लेक ओजिब्वे नेशन आणि इग्नेस या परिसराची निवड झाली. पुढील तपासण्या व परवाने अद्याप बाकी आहेत.

चित्रातल्या घोड्यावर कोणी स्वार होत नाही, म्हणून तेथे चूक झाली तरी फारसे बिघडत नाही. येथे अनुमानावर भूमी आणि पिढ्या अवलंबून आहेत. अनुकृतीने मुळाविषयी पुष्कळ सांगावे. परंतु तिच्यात काय नाही, याची यादी तिच्यासोबत असल्यावाचून आम्ही तिला प्रमाण मानू नये.