अनुक्रमी संदेश आणि यंत्राचे आज्ञापालन

महाळुंगे हे पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील गाव. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा चाकण कारखाना येथे सुरू झाला. अशा कारखान्यांत संगणकाच्या आज्ञेने मोटार फिरणे वा झडप उघडणे ही नित्याची बाब होय. तथापि आज्ञा तारेतून जाते कशी, हा प्रश्न या कारखान्यांहून पुष्कळ जुना आहे.

फ्रान्समधील एमिल बोदो याने १८७४ मध्ये पाच घटकांच्या तारसंकेताचे पेटंट घेतले. अक्षराचे घटक ठरलेल्या क्रमाने, एकामागून एक धाडावयाचे, हे त्याचे मर्म. १९६० मध्ये अमेरिकेत आरएस-२३२ हे प्रमाण ठरले आणि १९९६ मध्ये यूएसबी आली. पुढे संगणकांवरील जुनी अनुक्रमी दारे लोपत गेली. परंतु सूक्ष्मनियंत्रकाने आपली जुनी बोली सोडली नाही. दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारी एक चिप बसली, इतकेच.

या परंपरेचे बोलके उदाहरण मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टीम’ या संचात आढळते. त्यात पोलादी पट्टी तापविणारे वेटोळे, तिला थंड करणारा पंखा, तापमापक आणि एटीमेगा-१६ हा सूक्ष्मनियंत्रक आहे. संगणकाने २५४ हा अंक धाडला की पाठोपाठचा अंक वेटोळ्याची उष्णता ठरवितो. २५३ नंतरचा अंक पंख्याचा वेग ठरवितो. २५५ धाडताच तापमान परत येते. वेग ९६०० बॉड. प्रत्येक अंकाच्या आठ बिटांस आरंभाचा व समाप्तीचा एकेक बिट जोडला जात असल्याने सेकंदास ९६० अंकांहून अधिक जाऊ शकत नाहीत. पट्टी तापावयास लागणाऱ्या काळाच्या मानाने हा वेग विपुल होय.

नियंत्रणशास्त्राची उपकरणे महाग. त्यामुळे अनेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला केवळ समीकरणेच येत. हा संच आंतरजालास जोडल्यावर दूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही मुंबईतील खरी पट्टी तापवू शकला. त्याच्या समीकरणास प्रत्यक्षाची कसोटी लाभली, हे या प्रयोगाचे खरे महत्त्व.

यंत्र आज्ञा पाळते ते तिचा अर्थ कळतो म्हणून नव्हे, तर संकेत आधी ठरलेला असतो म्हणून. तो संकेत माणसानेच ठरविलेला आहे. ज्यास तो ठाऊक असतो, तो यंत्राचा केवळ राखणदार उरत नाही. महाळुंग्याच्या कारखान्यांत शिरणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने हा भेद लहान नव्हे.