‘टेंपरन्स’: एका शब्दाचे आकुंचन

इंग्रजीतील ‘टेंपर’, ‘टेंपरमेंट’ व ‘टेंपरन्स’ ही भावंडे लॅटिन ‘तेंपेरारे’ या क्रियापदाची. त्याचा अर्थ योग्य प्रमाणात मिसळणे. शरीरातील चार द्रवांच्या मिश्रणावरून स्वभाव ठरतो, असे प्राचीन ग्रीक वैद्यक मानी. तो समतोल म्हणजे ‘टेंपर’. म्हणूनच संतापलेला इंग्रज ‘टेंपर’ गमावतो. पुढे संतापालाच ते नाव चिकटले! ‘टेंपरन्स’चेही तसेच झाले. संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखी तो सुखोपभोगातील विवेक. १८३२ साली प्रेस्टन येथे जोसेफ लाइव्हसी यांनी व १८३८ साली कॉर्क येथे फादर थिओबॉल्ड मॅथ्यू यांनी संपूर्ण मद्यत्यागाची शपथ घेतली. त्या चळवळीने अनेक घरे सावरली. परंतु ‘टेंपरन्स’ म्हणजे केवळ मद्यवर्जन, असा अर्थ रूढ झाला आणि जिभेचा, पैशाचा, सत्तेचा असंयम त्या शब्दाच्या कक्षेतून निसटला.