तोतया, केवायसी आणि काकूचा फोन

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी काकूचा फोन आला. काकू एरवी शनिवारी सकाळी फोन करत नाही. आम्ही आयटीवाले दहापर्यंत लोळत असतो हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे काहीतरी गडबड होती.

"अरे, एक माणूस फोनवर तुझ्या काकांना विचारत होता. म्हणे साहेबांनी गेल्या वर्षी कर्ज काढलंय, हप्ते थकलेत, कुठे असतात ते?"

काका २०१९ साली गेले.

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही. मला क्षणभर वाटलं रे..." आणि तिने वाक्य अर्धवट सोडलं.

तर मंडळी, आजचा लेख त्या अर्धवट वाक्यामुळे लिहितोय. कर्जाचं काय झालं ते पुढे सांगतोच, पण फोन ठेवल्यावर मला आठवल्या त्या पार्वतीबाई. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी. आणि त्यांच्या पाठोपाठ आपल्या इतिहासातली आयडेंटिटी थेफ्टची सगळ्यात गाजलेली केस, भाऊसाहेबांचा तोतया. (न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' नाटकामुळे निदान नाव तरी बऱ्याच जणांना माहीत असेल.)

१४ जानेवारी १७६१. पानिपत. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. त्यानंतर ते आपल्या माणसांना पुन्हा दिसले नाहीत. विश्वासरावांचा देह मिळाला. भाऊंचं काय?

इथे काशिराज पंडिताची हकिकत वाचण्यासारखी आहे. हा शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि लढाईच्या वेळी तिथेच होता. त्याच्या हकिकतीनुसार प्रेतांच्या खचात एक शिर नसलेलं धड सापडलं, आणि ते भाऊंचं आहे की नाही हे खुणांवरून ठरवलं गेलं. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग. पाठीवर जखमेचा व्रण (१७५९ मध्ये मुजफ्फरखान गारद्याने भाऊंवर कट्यार चालवली होती, तिचा). पायाच्या तळव्यावर शुभ रेषा. आणि मला सगळ्यात आवडलेली खूण म्हणजे भाऊ रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत, त्याचे घट्टे त्या देहाच्या गुडघ्यांवर आणि हातांवर होते!

विचार करा. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीचं हे बायोमेट्रिक व्हेरिफिकेशन. आपल्या बोटांचे ठसे जन्माने मिळतात, घट्टे मात्र कमवावे लागतात. माझी ओळख पटवायची वेळ आली तर मनगटाला माऊसचा घट्टा सापडेल फार तर. असो.

पण या व्हेरिफिकेशनमध्ये एक मोठा लोच्या होता. ते झालं पानिपतावर, शत्रूच्या छावणीत. पुण्यात पोचल्या त्या फक्त बातम्या, आणि त्याही एकमेकींशी न जुळणाऱ्या. भाऊ पडले, भाऊ जखमी होऊन निघून गेले, भाऊ कुठेतरी लपून आहेत. आमच्या भाषेत सांगायचं तर रेकॉर्ड क्लोज झालंच नाही, स्टेटस 'पेंडिंग' राहिलं. पार्वतीबाई स्वतः पानिपतच्या मोहिमेत होत्या, त्या जिवंत परतल्या. नवरा गेला हे त्यांनी मानलं नाही आणि वैधव्याची चिन्हंही घेतली नाहीत. पुढे बावीस वर्षं, १७८३ मध्ये जाईपर्यंत.

चोराला हवं असतं ते नेमकं असं खातं. मालक येणार नाही आणि खातं बंदही झालेलं नाही.

बुंदेलखंडाकडचा एक कनोजी ब्राह्मण, नाव सुखनिधान. चेहरामोहरा भाऊंशी मिळताजुळता होता असं सांगतात. पानिपतानंतर काही वर्षांतच तो 'मीच भाऊ' म्हणून उत्तरेत वावरू लागला. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याला पकडून आणलं, चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि कैदेत गेला. किल्ले बदलत बदलत शेवटी रत्नागिरीच्या किल्ल्यावर. खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण १७७२ मध्ये माधवराव गेले, १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. गादीवर सवाई माधवराव, म्हणजे १७७४ साली जन्मलेलं मूल. कारभार नाना फडणीस आणि सखारामबापूंच्या हातात, पलीकडे राघोबादादा इंग्रजांच्या वळचणीला. आणि १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैद्याला बाहेर कोणी काढलं? त्याच्यावर पहारा ठेवायचा तो सुभेदार, रामचंद्र नाईक परांजपे यानेच! ज्याच्याकडे पासवर्ड सांभाळायला दिला त्यानेच लॉगिन करून दिलं. काही महिन्यांत कोकणातले बरेच किल्ले तोतयाच्या ताब्यात गेले, हजारोंची फौज जमली.

कॉलेजात असताना हे वाचून मला वाटायचं, लोक इतके भोळे कसे? आता तसं वाटत नाही. एक तर, भाऊंना जवळून ओळखणारी कितीतरी माणसं पानिपतावरच संपली होती. आणि जी उरली होती, त्यांच्या साक्षीचं काय करायचं? नाना फडणीस पानिपतावर होते, तिथून कसेबसे जिवंत सुटले होते, भाऊंना रोज पाहिलेला माणूस. महादजी शिंदेही त्याच रणातून पायाला जखम घेऊन परतलेले. हे दोघं 'हा तो नव्हे' म्हणत होते. पण खरे भाऊ परत आले असते तर कोणाची सत्ता गेली असती? नानांचीच. म्हणजे साक्षीदारच पक्षकार. मग नानांच्या विरोधकांना तोतयावर विश्वास ठेवणं सोयीचं होतं, आणि सामान्य माणसाला पानिपत हरलो नाही असं वाटून घ्यायला कोणीतरी हवंच होतं. तोतया फारसा हुशार असावा लागत नाही. समोरच्याला तो खरा असायला हवा असला की काम भागतं.

शेवट पटकन सांगतो. महादजींच्या फौजेपुढे बंड मोडलं, पळालेल्या तोतयाला रघूजी आंग्र्यांनी पकडून पुण्याच्या हवाली केलं, पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला पुण्यात देहदंड झाला. पार्वतीबाईंनी मात्र त्यानंतरही वैधव्य घेतलं नाही. तोतया खोटा ठरला म्हणजे भाऊ गेले असं थोडंच सिद्ध होतं?

आता काकूच्या फोनकडे येतो. शोधाशोध केल्यावर कळलं ते असं: काकांच्या पॅन आणि आधारच्या झेरॉक्स वापरून कोणीतरी एका ॲपवर कर्ज काढलं होतं, मोबाईल नंबर मात्र वेगळाच. काकांच्या हयातीत त्या झेरॉक्स किती ठिकाणी दिल्या असतील देव जाणे. लॉजवर, सिमकार्डाच्या दुकानात, गॅस एजन्सीत. आणि ते गेल्यावर आम्ही बँकेचं खातं तेवढं बंद केलं. पॅन आयकर खात्याला परत करायचं असतं, हे इतकी वर्षं संगणकापुढे बसणाऱ्या माझ्या डोक्यातही आलं नाही. कर्ज देणाऱ्याला काका खरे असायला हवे होते (टार्गेट!), त्याने नीट बघितलं नाही. परांजप्याची आठवण आली ती उगीच नाही.

मग मी सुट्टी टाकून बसलो. १९३० वर फोन आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. कर्ज देणाऱ्याला मृत्यूचा दाखला आणि पत्र. काकू कायदेशीर वारस म्हणून क्रेडिट ब्युरोकडे हरकत. पॅन परत करण्यासाठी आयकर अधिकाऱ्याकडे अर्ज. आधारवर मृत्यूची नोंद, ही सोय मायआधार पोर्टलवर २०२५ मध्ये आली. जाता जाता स्वतःचंही बघितलं: प्रत्येक क्रेडिट ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतो, मी आयुष्यात एकदाही मागवला नव्हता. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. झेरॉक्सऐवजी आता पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार देतो. 'संचार साथी'वर माझ्या नावावर किती सिम आहेत तेही पाहिलं. तीन निघाली. तिसरं बहिणीला दिलेलं, हुश्श!

पंधरा दिवसांनी कर्ज देणाऱ्यांचं पत्र आलं, वसुली थांबवली म्हणून. ब्युरोचं उत्तर अजून यायचंय.

राहिला काकांचा मोबाईल नंबर. तो काकूने इतकी वर्षं चालू ठेवलाय, बॅटरी फुगलेल्या जुन्या फोनमध्ये. नंबर बंद पडला की काही महिन्यांनी कंपनी तो दुसऱ्याला देऊन टाकते, आणि मग जिथे जिथे तो जोडलेला आहे तिथले ओटीपी त्या दुसऱ्या माणसाकडे जातात. म्हणून मी आधी तो सगळीकडून काढला. दोन दिवस लागले. मग काकूला म्हटलं, "आता बंद केलास तरी चालेल."

"कशाला?" ती म्हणाली. "अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज संपलाय बघ उद्या. तेवढा मारून टाक."

मारून टाकला.