पॉलिस्टायरीन : आरंभकाची निवड

स्टायरीनच्या रेणूंची साखळी सुरू करून देणारे द्रव्य म्हणजे आरंभक. कारखान्यात त्याला सर्रास ‘उत्प्रेरक’ म्हणतात, ते बरोबर नाही. उत्प्रेरक शेवटी जसाच्या तसा उरतो; आरंभक खर्च होतो आणि त्याचे तुकडे साखळीच्या टोकाला चिकटून राहतात.

खरे तर स्टायरीनला आरंभक लागतोच असे नाही. १८३९ मध्ये बर्लिनचे औषधविक्रेते एडुआर्ट झीमोन यांनी ऊर्ध्वपातनाने मिळवलेले हे तेल नुसते ठेवून दिले, तरी काही दिवसांत घट्ट झाले. १०० अंश से.च्या वर तर ते झपाट्याने जमते, आणि पारदर्शक पॉलिस्टायरीन आजही नुसत्या उष्णतेवर बनवता येते. आरंभक घालतात तो कमी तापमानाला वेग मिळावा म्हणून. मात्र तापमान तेच ठेवून आरंभक चौपट केला, तर वेग दुप्पट होतो आणि साखळीची लांबी साधारण निम्म्यावर येते. माल ठिसूळ निघतो. एकाच रेणूत दोन पेरॉक्साइड गट असलेले आरंभक ही कोंडी बरीच सोडवतात.

निवडीचा मुख्य निकष अर्धायुष्य. दहा तासांत निम्मे विघटन होण्यासाठी बेंझॉइल पेरॉक्साइडला सुमारे ७३ अंश पुरतात, टर्ट-ब्यूटिल परबेंझोएटला सुमारे १०४ लागतात. मखराचे थर्माकोल मोडले की जे मणी सुटतात, त्यांत हा फरक कामी आलेला असतो. फुगण्यापूर्वीचा प्रत्येक मणी म्हणजे पाण्यात घुसळलेला स्टायरीनचा थेंब, आणि दोन्ही आरंभक त्यातच विरघळवलेले. पहिला ९० अंशांच्या आसपास बहुतेक काम उरकतो. मग तापमान ११५ ते १३० अंशांपर्यंत चढवतात, तेव्हा दुसरा जागा होऊन उरलासुरला स्टायरीन संपवतो. त्यात हात आखडला, तर मण्यात स्टायरीन शिल्लक राहतो. पाण्यात विरघळणारे परसल्फेट येथे निरुपयोगी. त्याची जागा पायसी पद्धतीत.

आघातसह पॉलिस्टायरीनमध्ये साखळ्यांचे रबरावर कलम व्हावे लागते. टर्ट-ब्यूटॉक्सी मूलके पॉलिब्यूटाडाइनमधून हायड्रोजन ओढून तशी जागा करून देतात. अॅझो आरंभकांच्या मूलकांना ते जवळपास जमत नाही, म्हणून ते येथे बाद.

ब्यूटिल लिथियमने सुरू केलेल्या साखळ्या जवळजवळ सारख्या लांबीच्या निघतात, पण पाण्याचा किंवा ऑक्सिजनचा अंशही त्यांना मारतो. रेणुभार मोजण्याचे प्रमाणित नमुने आणि स्टायरीन-ब्यूटाडाइनचे खंड-सहबहुवारिक यांसाठी ही पद्धत वापरतात. डबे-पेल्यांच्या मालाला हा थाट परवडत नाही.